वेगासला जॅकपॉट लागला, आता टॅक्स आणि कस्टमचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलशेतचे एक गृहस्थ बायकोसोबत न्यू जर्सीला बहिणीकडे गेलेत, टुरिस्ट व्हिसावर. तिथून फेब्रुवारी २०२६ मध्ये चार दिवस लास वेगासला गेले. स्लॉट मशीनवर एका फटक्यात ५,००० डॉलर लागले, कॅसिनोने त्यातले १,५०० कापून ३,५०० हातात दिले. त्याच रात्री रुलेटवर १,८०० जिंकले, त्यातून एक डॉलरही कापला नाही. आता पुढच्या आठवड्यात ठाण्याला परत यायचंय आणि विचारतायत की कापलेले पैसे परत मिळतील का, इथे पुन्हा टॅक्स भरायचा का, आणि एअरपोर्टवर कॅश दाखवली तर जप्त होते का. शेवटी एक जोडप्रश्न आहे, लंडनचा मावसभाऊ मे महिन्यात येणार आहे आणि त्याला गोव्याच्या कॅसिनोत जायचंय.

मी ठाण्यात सीए म्हणून बरीच वर्षं काम करतोय, परदेशातल्या इन्कमची रिटर्न्स हा माझा रोजचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, तुम्ही तीन वेगळे कायदे एकात मिसळताय. अमेरिकेचा इन्कम टॅक्स हा एक, भारताचा इन्कम टॅक्स दुसरा, आणि नोटा बॉर्डरवरून नेण्या-आणण्याचे नियम तिसरे. एका ठिकाणी भरलं म्हणून दुसरीकडे सुटका होत नाही आणि एका ठिकाणी माफ आहे म्हणून दुसरीकडे माफ नसतं. "तिथे कापला ना, मग झालं" हे वाक्य माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण बोलतो आणि नोटीस नेमकी त्याच समजुतीतून येते.

आता पहिला प्रश्न, स्लॉटवर कापले आणि रुलेटवर का नाही. यात कॅसिनोने काही चुकवलेलं नाही. अमेरिकेत जो रेसिडेंट नाही, म्हणजे तुमच्यासारखा टुरिस्ट, त्याच्या जुगाराच्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के टॅक्स आहे आणि तो कॅसिनोनेच कापून सरकारला भरायचा असतो. पण त्याच कायद्यात काही खेळांना सूट दिलीय, ब्लॅकजॅक, बॅकरा, क्रॅप्स, रुलेट आणि बिग सिक्स व्हील. या पाच खेळांत परदेशी माणूस कितीही जिंकला तरी तिथे टॅक्स नाही. स्लॉट, पोकर टूर्नामेंट, केनो, बिंगो हे त्या यादीत नाहीत. स्लॉटला बरीच वर्षं १,२०० डॉलरचा जॅकपॉट लागला की कागदपत्रं सुरू व्हायची, २०२६ पासून ती मर्यादा २,००० झालीय, तुमचे ५,००० दोन्हीच्या वर आहेत त्यामुळे प्रश्नच नाही. मशीन लॉक होतं, माणूस येतो, पासपोर्ट मागतो, ते याचसाठी.

परत मिळतील का? नाही. इंटरनेटवर रिफंड मिळवून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती तुम्हाला दिसतील, काही जण तर "सगळ्या टुरिस्टना मिळतो" असं छातीठोक सांगतात आणि कमिशन आगाऊ मागतात, कृपा करून पैसे देऊ नका. रिफंड मिळतो तो ज्या देशांच्या अमेरिकेसोबतच्या करारात जुगाराच्या इन्कमला सूट आहे त्यांच्या रहिवाशांना, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान, इटली वगैरे. कॅनडावाल्यांना हरलेली रक्कम वजा करता येते. भारताच्या करारात अशी सूट नाही, आणि आपल्याला हरलेले पैसेही तिथे वजा मिळत नाहीत. तुम्ही लिहिलंय की त्या चार दिवसांत स्लॉटवरच ९०० डॉलर गेले पण होते, वाईट वाटतं मान्य आहे, पण त्या ९०० चा उपयोग ना तिकडे ना इकडे. ३० टक्के पूर्ण कापले गेलेत आणि तिथे दुसरं काही इन्कम नाही, तर अमेरिकेत वेगळं रिटर्न भरायची गरजही पडत नाही.

तुमच्या बहिणीकडे ग्रीन कार्ड आहे आणि मेव्हणे म्हणाले की पुढच्या वेळी जॅकपॉट लागला तर हिला सही करायला लावू, टॅक्स कापणार नाहीत. हे अजिबात करू नका. ग्रीन कार्डवाल्याचे सहसा जागेवर कापत नाहीत हे खरं, पण त्याला वेगळा फॉर्म मिळतो, डब्ल्यू-२जी, आणि ती रक्कम तिच्या अमेरिकेतल्या वार्षिक रिटर्नमध्ये तिचं इन्कम म्हणून येते. मशीनचं बटण तुम्ही दाबलं आणि सही तिची, म्हणजे तिने सरकारी फॉर्मवर खोटं लिहून दिलं. कॅसिनोत प्रत्येक मशीनवर कॅमेरा असतो. थोड्या डॉलरसाठी बहिणीच्या इमिग्रेशनच्या फाईलला डाग लागू देऊ नका, हे मी खरंच कळकळीने सांगतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. तुमच्यासारख्या परदेशी माणसाच्या कापलेल्या टॅक्सचा पुरावा म्हणजे फॉर्म १०४२-एस. बरेच कॅसिनो पैसे देतानाच तो हातात देतात, पण नियमाने त्यांना पुढच्या वर्षीच्या १५ मार्चपर्यंत मुदत असते. म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या जॅकपॉटचा फॉर्म मार्च २०२७ मध्ये आला तरी त्यांच्या दृष्टीने वेळेत. आणि तुमचं इथलं रिटर्न जुलै २०२६ मध्ये भरायचंय! इथेच लोक अडकतात. म्हणून भारतात यायच्या आधी तुमच्याकडे नेमकं काय आहे ते आजच बघा. १०४२-एस असेल तर त्यावर नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख, इथला पत्ता, एकूण रक्कम ५,००० आणि कापलेली १,५०० असं वेगवेगळं दाखवलंय का ते तपासा. नसेल तर कॅसिनोच्या टॅक्स डिपार्टमेंटला ईमेल टाका, तारीख, मशीन नंबर, रक्कम लिहून कॉपी मागा, आणि तोपर्यंत पेमेंटच्या वेळी दिलेली स्लिप जिवापाड जपा. थर्मल पेपरची असेल तर ती काही महिन्यांत कोरी होते, आजच फोटो काढून स्वतःला मेल करून ठेवा. रुलेटचा कागद मिळत नाही, तिथे चिप्स काउंटरवर देऊन पैसे घेतल्याची पावती मिळाली असेल तर ठेवा, प्लेअर कार्ड स्वाइप केलं असेल तर कॅसिनो वर्षाचं विन-लॉस स्टेटमेंट देतो ते मागवा. परिपूर्ण पुरावा नाही तो, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरा.

आता इथला टॅक्स. तुम्ही भारताचे रेसिडेंट आहात, पगार इथला, वर्षातले बहुतेक दिवस इथे, त्यामुळे जगात कुठेही कमावलेलं इन्कम इथल्या रिटर्नमध्ये येतं. लॉटरी, पत्ते, कुठलाही जुगार किंवा बेटिंग यातलं जिंकलेलं कलम ११५बीबी खाली येतं, सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. स्लॅब नाही, ८०सी वगैरे वजावट नाही, वेगासचं तिकीट-हॉटेल वजा नाही, हरलेले वजा नाहीत. नवीन इन्कम टॅक्स कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय आणि कलमांचे नंबर बदलणार आहेत हे खरं, पण तुमचं इन्कम फेब्रुवारीचं आहे म्हणजे जुन्या १९६१ च्या कायद्यातच बसतं, आणि दर तसाही ३० टक्केच आहे. रुलेटवर अमेरिकेने सूट दिली ती अमेरिकेच्या टॅक्समधून, आपल्या कायद्यात रुलेटला वेगळी वागणूक नाही, हे बऱ्याच जणांना पटतच नाही.

पण एकाच रकमेवर दोन देशांनी पूर्ण टॅक्स घेऊ नये म्हणून भारत-अमेरिका करार आहे, त्याने तिथे कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं. हिशोब बघा. सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपये धरतो, प्रत्यक्षात रेट वेगळा असेल. स्लॉटचे ५,००० डॉलर म्हणजे ४,५०,००० रुपये, हातात आलेले ३,५०० नाही तर पूर्ण ५,००० दाखवायचे, हे विसरू नका. त्यावर ३१.२ टक्के म्हणजे १,४०,४००. तिथे कापलेले १,५०० डॉलर म्हणजे १,३५,००० चं क्रेडिट, उरले ५,४००. रुलेटचे १,८०० डॉलर म्हणजे १,६२,०००, त्यावर ५०,५४४ आणि क्रेडिट शून्य. एकूण भरायचे ५५,९४४ रुपये. तुम्हाला वाटलं होतं की जिथे कापलं तिथेच फटका बसला, प्रत्यक्षात इथे खिशातून जाणारा बहुतेक पैसा रुलेटवर आहे. मकाव, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड इथे टुरिस्टच्या जिंकलेल्यावर टॅक्सच कापत नाहीत, आणि तिथून आलेले लोक "टॅक्स फ्री" म्हणून खूश असतात, त्यांना पूर्ण ३१.२ टक्के इथेच भरावे लागतात.

डॉलरचा रेट कुठला घ्यायचा यावर थोडं थांबतो कारण सॉफ्टवेअरवाले पण इथे घोळ घालतात. क्रेडिटसाठी टॅक्स ज्या महिन्यात कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक ज्या दराने परदेशी चलन विकत घेते तो), म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ जानेवारीचा. इन्कमसाठी साधारणपणे ३१ मार्चचा तोच रेट, पण पैसे त्याआधीच भारतात आणले असतील तर तो नियम लागत नाही, मग प्रत्यक्ष बदलून मिळालेला रेट धरतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत दोन्ही रेट वेगळे येणार, घाबरू नका, तसंच असतं.

रिटर्न आयटीआर-२ भरायचं. पगारदार माणूस सवयीने आयटीआर-१ भरतो, पण त्यात हे इन्कम बसतच नाही. जिंकलेली रक्कम अदर सोर्सेसच्या शेड्युलमध्ये स्पेशल रेटखाली, मग परदेशी इन्कमचं एफएसआय शेड्युल आणि क्रेडिटचं टीआर शेड्युल, आणि सगळ्यात आधी पोर्टलवर फॉर्म ६७, म्हणजे परदेशात कापलेल्या टॅक्सचं क्रेडिट मागायचा फॉर्म. फॉर्म ६७ रिटर्नच्या आधीच भरून टाका असं मी सगळ्यांना सांगतो, कायद्याने थोडी जास्त मुदत आहे पण आधी भरलेला असला की प्रोसेसिंगमध्ये क्रेडिट नाकारलं जाण्याची शक्यता कमी होते. पुरावा म्हणून १०४२-एस जोडायचा, तो आला नसेल तर तुमचं स्वतः सही केलेलं स्टेटमेंट आणि सोबत कापल्याचा पुरावा चालतो, नियम १२८ मध्येच तशी सोय आहे. म्हणून ती स्लिप जपा म्हटलं. आणि ॲडव्हान्स टॅक्स. असं इन्कम आधी माहीत नसतं, त्यामुळे मागच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही, पण मिळाल्यानंतरचे हप्ते भरले पाहिजेत. तुमच्यासाठी म्हणजे १५ मार्च, तो हुकला तर निदान ३१ मार्च २०२६ च्या आत चलन भरा.

मेव्हण्यांचा दुसरा सल्ला असा की डॉलर बहिणीच्या खात्यात टाका आणि तिने भावाला गिफ्ट म्हणून पाठवावेत, बहिणीचं गिफ्ट टॅक्स फ्री असतं. बहिणीचं खरं गिफ्ट टॅक्स फ्री असतं, बरोबर. पण हे गिफ्ट नाही, तुमचेच पैसे फिरून येतायत, आणि १०४२-एस तुमच्या पासपोर्टच्या नावावर अमेरिकन सरकारकडे गेलेला आहे, करारात माहिती देण्याघेण्याचं कलम आहे. परदेशी इन्कम लपवलं असं ठरलं तर २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा लागतो, त्यात ३० टक्के टॅक्स आणि वर टॅक्सच्या तिप्पट दंड. ५६ हजार वाचवायला कोण एवढी जोखीम घेतं?

आता कस्टम. इथे भीती सगळ्यात जास्त आणि नियम सगळ्यात सोपा आहे. डॉलर आणण्यावर ड्युटी नाही, आणि कितीही आणा, वरची मर्यादा नाही. फक्त ठराविक रकमेच्या वर असेल तर सांगायचं असतं. अमेरिकेतून निघताना १०,००० डॉलरच्या वर रोख असेल तर तिथे फिनसेन फॉर्म १०५ भरावा लागतो, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या घरच्यांनी रक्कम वाटून घेऊन मर्यादेच्या खाली दाखवण्याचा प्रयत्न करू नये, तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. तुमची रक्कम त्याच्या खूप खाली आहे.

भारतात उतरताना मात्र मर्यादा कमी आहे. परदेशी नोटा ५,००० डॉलरच्या वर, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० च्या वर असतील तर करन्सी डिक्लरेशन फॉर्म, म्हणजे सीडीएफ भरावा लागतो. तुमच्याकडे ३,५०० अधिक १,८००, म्हणजे ५,३००, शिवाय इथून नेलेले उरलेले असतीलच. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या वर आहात. सहारला उतरल्यावर ग्रीन चॅनलमधून सरळ चालत बाहेर येऊ नका, रेड चॅनलला जा, सांगा एवढे डॉलर आहेत, फॉर्म भरा, शिक्का मारलेली कॉपी घ्या, झालं. कस्टमचं अतिथी नावाचं ॲप आहे, त्यात आधीच भरता येतं. बायकोकडे हजार दिले तर मर्यादेच्या खाली येऊ का, असं तुम्ही विचारलंय. मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे आहे हे खरं. पण माझं मत स्पष्ट आहे, डिक्लेअरच करा. तो शिक्का मारलेला सीडीएफ तुमचा सर्वात मजबूत पुरावा आहे की हे डॉलर परदेशातून आले, आणि तो फुकट मिळतो. न सांगता सापडलात तर कस्टम ॲक्टखाली नोटा जप्त होऊ शकतात आणि फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा दंड वेगळा, रकमेच्या तिप्पटपर्यंत.

काही जण रोख नको म्हणून तिथेच घड्याळ किंवा सोनं घेतात. त्याने उलट काम वाढतं, कारण डॉलरवर ड्युटी नाही पण वस्तूवर फ्री अलाउन्सच्या वर ड्युटी आहे, आणि दागिन्यांची वेगळी सूट फक्त वर्षभराहून जास्त परदेशात राहून येणाऱ्यालाच मिळते, महिनाभराच्या टुरिस्टला नाही. इन्कम टॅक्स तर जिंकलेल्यावर आहेच, ते कशात बदललं याने फरक पडत नाही.

घरी आल्यावर डॉलर कपाटात ठेवू नका. २,००० डॉलरपर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, बाकीचे परत आल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत मनी चेंजरकडे बदलायचे. ठाण्यात स्टेशनजवळ आणि नौपाड्यात लायसन्सवाले चेंजर आहेत, बँकेची फॉरेक्स शाखा असेल तर अजून चांगलं. रेसिडेंट माणसाला चेंजर एका व्यवहारात साधारण १,००० डॉलरच्या मोबदल्यापर्यंतच रोख रुपये देऊ शकतो, बाकी चेक किंवा खात्यात, आणि खात्यातच घ्या, एनकॅशमेंट सर्टिफिकेट, म्हणजे डॉलर बदलल्याचा दाखला मागून घ्या. ओळखीचा कोणी दोन रुपये जास्त देतो म्हणून त्याला विकलेत तर रुपये रोख येतील आणि ते खात्यात भरल्यावर कुठून आले हे सिद्ध करणं कठीण जाईल. सिद्ध झालं नाही तर ते ३१ टक्क्यांत बसत नाही, आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमाने सेस-सरचार्ज धरून ७८ टक्के जातात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो. पुढच्या वेळी खेळण्यासाठी म्हणून बँकेतून एलआरएसखाली, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली, पैसे पाठवू नका. फेमाच्या करंट अकाउंट नियमांत लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स वगैरेसाठी परदेशी पैसे पाठवायला बंदी आहे आणि बँका कॅसिनोचं नाव दिसलं की अडवतात, क्रेडिट कार्डलाही तीच बंदी लागू आहे. प्रवासासाठी घेतलेल्या पैशातून हौसेपुरतं खेळणं वेगळं आणि त्यासाठीच पैसे पाठवणं वेगळं.

आता मावसभाऊ. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनो नाही, १९७६ चा एक कॅसिनो कायदा होता तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द पण झाला, त्यामुळे ठाण्याहून त्याला गोव्यालाच जावं लागेल, मांडवीतल्या बोटींवर नाहीतर पंचतारांकित हॉटेलात. तो ब्रिटिश असला तरी भारतात जिंकलेल्यावर ३० टक्के टॅक्स त्यालाही आहे, वर सेस, आणि एका व्यवहारात १०,००० रुपयांच्या वर जिंकला तर कॅसिनो आधीच टीडीएस कापेल. चिप्स घेताना जीएसटी वेगळा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे, आधी २८ होता, म्हणजे खेळायच्या आधीच मोठा भाग जातो हे त्याला नीट सांगा. येताना ५,००० डॉलरच्या नोटांची मर्यादा त्यालाही तशीच लागू, आणि जाताना त्याने आणले त्याहून जास्त परदेशी चलन त्याला नेता येत नाही, म्हणून मोठी रक्कम आणणार असेल तर सीडीएफ त्याच्या फायद्याचाच आहे. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात. पाउंड बदलताना मिळालेली सर्टिफिकेट्स सांभाळून ठेवायला सांगा, उरलेले रुपये परत पाउंडात करताना ती मागतात.

तुमच्यासाठी आजचं काम एवढंच, १०४२-एस आहे की नाही बघा आणि नसेल तर कॅसिनोला ईमेल आज रात्रीच टाका, तिथे असेपर्यंत अमेरिकेच्या फोन नंबरवरून पाठपुरावा करणं सोपं जातं. परत आल्यावर सीडीएफ, एनकॅशमेंट सर्टिफिकेट आणि तो फॉर्म एका फाईलमध्ये घालून तुमच्या सीएकडे १५ मार्चच्या आत द्या.